दहावीची सुट्टी, एक ॲप आणि दादरचं चष्म्याचं दुकान

परवा सोसायटीतल्या दोघींनी एकाच दिवशी विचारलं, "तुमच्या लेकीला ते काम कुठून मिळालं?" तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून सगळं एकदा लिहूनच काढते. काम म्हणजे नोकरी नव्हे. दहावीच्या सुट्टीत काही आठवडे एका दुकानात जाऊन कामाचा अनुभव घेणं, तोही बिनपगारी.

2025 ची दहावी 17 मार्चला भूगोलाच्या पेपरने संपली. निकाल मे महिन्यात, अकरावीचं कॉलेज त्याच्याही पुढे. पहिला आठवडा लेकीने झोपून काढला. मग तिने स्वतःहून सांगितलं की तिला कसलाही क्लास लावायचा नाही, कुठेतरी खरं काम बघायचंय. कुठलं, ते तिलाही माहीत नव्हतं.

अशा वेळी आपल्याकडे पहिली आठवण होते ती ओळखीची. दीर म्हणाले, "ठाण्याला मित्राचं सीएचं ऑफिस आहे, उद्यापासून पाठव." मी नको म्हटलं आणि त्यावरून घरात थोडं वाजलंसुद्धा. माझं म्हणणं एवढंच होतं की ओळखीने पाठवलं की पुढे काही विचारता येत नाही. ती तिथे करणार काय, कोणाच्या हाताखाली असेल, सुटणार किती वाजता, यातलं काहीही विचारलं की "विश्वास नाही का?" असं होतं. मी बारावीनंतर मामांच्या ओळखीने एका ऑफिसात गेले होते. सुट्टीभर झेरॉक्स काढल्या आणि चहाचे कप उचलले. तक्रार करायची सोय नव्हती, मामांचं नाव खराब झालं असतं.

सरकारी योजना चाळून पाहिल्या. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेला वय 18 ते 35 आणि शिक्षण किमान बारावी लागतं. पंतप्रधान इंटर्नशिप योजना तेव्हा 21 ते 24 वयासाठी होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दप्तराविना 10 दिवस सुतार, माळी, कुंभार अशा लोकांकडे जाऊन शिकायची सोय सांगितली आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी. पंधरा वर्षांची मुलं बरोबर मधल्या फटीत सापडतात. आमच्या वेळी निदान कार्यानुभवाच्या तासाला मेणबत्त्या आणि खडू तरी करायचो.

लेकीला काम मिळालं ते एका ॲपवरून. त्याची माहिती वर्गशिक्षिकेने पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. नाव लिहीत नाही. जाहिरात करायची नाही आणि पुढे तक्रारीही आहेत. रचना साधी आहे. दुकानदार, दवाखाने, छोटी ऑफिसं आपल्याकडच्या जागा तिथे टाकतात: पत्ता, तारखा, वेळ, काम काय, लक्ष कोण ठेवणार. मुलं अर्ज करतात. पालकांची संमती आणि शाळेची मंजुरी आल्याशिवाय अर्ज समोरच्यापर्यंत पोचत नाही. मुलांकडून पैसे घेत नाहीत.

मार्चच्या शेवटी खातं उघडायला बसलो. पहिलीच अडचण शाळेच्या नावाची. आमच्या शाळेच्या नावाच्या मुंबईत बऱ्याच शाळा निघाल्या. तिथे युडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, टाकायचा. तो 11 आकडी असतो, महाराष्ट्रात 27 ने सुरू होतो आणि बहुतेक प्रगतिपुस्तकावर छापलेला असतो. तो टाकला की योग्य शाळा येते. परवानग्यांच्या पानावर ॲपने लोकेशन "कायम" मागितलं. आम्ही "ॲप वापरताना" एवढंच दिलं, त्याने काही अडलं नाही. व्यक्तिगत माहितीबद्दल 2023 साली जो कायदा संमत झाला, त्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे आणि मुलांच्या हालचालींचा माग ठेवायला मनाई केली आहे. त्यामुळे अशा ठिकाणी नाही म्हणताना चाचरू नका.

मग शाळेची मंजुरी, आणि इथे खरी मेख होती. ॲपवर शाळेच्या बाजूने हो म्हणायचं काम एका शिक्षकाकडे दिलेलं असतं. आमच्या सरांचं म्हणणं, दहावीची मुलं आता आमची नाहीत. कॉलेज तर अजून ठरलेलंच नाही. म्हणजे लेक कोणाचीच विद्यार्थिनी नव्हती! मुख्याध्यापिका बोर्डाच्या कामात, भेटायच्या नाहीत. शेवटी ऑफिसमधल्या क्लार्क मॅडमनी तो प्रश्न बसल्या जागी सोडवला. "शाळा सोडल्याचा दाखला काढलाय का तुम्ही? नाही ना? मग ती अजून आमच्या पटावर आहे." त्यांनी रजिस्टर उघडून सरांना दाखवलं, सरांनी मान डोलावली, विषय संपला. बोनाफाईडचे 50 रुपये घेतले आणि पावती दिली. तुमच्यापैकी कोणी हे करणार असेल तर एप्रिलमध्येच शाळेत जा. बाकीच्या वर्गांच्या परीक्षा तेव्हा चालू असतात, ऑफिस उघडं असतं. मेमध्ये कुलूप.

सरांकडून मंजुरीचं बटण दाबलं जायला मात्र वेळ लागला. त्यांना पासवर्ड आठवत नव्हता. रोज सकाळी मी नम्रपणे "सर, आज जमेल का?" असा मेसेज टाकत राहिले. नम्रपणा शेवटच्या दिवसांत जरा जड गेला.

तेवढ्यात आधार. ओळखीचा पुरावा म्हणून मास्क्ड आधार चालतं, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं आणि फक्त शेवटचे चार दिसणारं. पूर्ण आधारची प्रत कुठल्याही ॲपवर चढवायची काही गरज नाही. मास्क्ड प्रत यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून उतरवता येते, पण ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि लेकीच्या आधारला सासऱ्यांचा कधीच बंद झालेला नंबर होता. केंद्रावर गेलो तेव्हा कळलं की 15 पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळे नव्याने द्यावेच लागतात, आणि 15 ते 17 या वयात ते मोफत असतं. त्याच खेपेला नंबरही बदलून मिळाला. दहावीतल्या मुलांचं हे काम कधीतरी करायचंच आहे, सुट्टी लागल्या लागल्या करून टाका. पोस्टातल्या केंद्रावर टोकन सकाळी लवकर संपतात, हेही लक्षात ठेवा.

एप्रिलच्या मध्याला अर्ज करता यायला लागले. नकाशावर भांडुपपासून मुलुंड, घाटकोपर, दादरपर्यंत बऱ्याच जागा दिसत होत्या. उघडून बघितल्या की त्यातल्या कितीतरी गळायच्या. "सोशल मीडिया इंटर्न" नावाच्या जागांना तर काही अंतच नव्हता. त्याचा अर्थ आमच्या इन्स्टाग्राम पानाला तुझ्या मैत्रिणींना जोड आणि रील कर. हे घरी बसून, बिनपगारी. एका पॅथॉलॉजी लॅबने वय बघून लगेच नकार दिला, ते योग्यच होतं. एका वकिलांच्या ऑफिसचं उत्तरच आलं नाही. एका "अकादमी"ने मात्र उत्साहाने फोन केला: जागा नक्की आहे, फक्त नोंदणीचे 1,500 रुपये आजच्या आज पाठवा, सर्टिफिकेट दोन दिवसांत. मी फोन ठेवला आणि ॲपवर तक्रार नोंदवली. त्या जागेची जाहिरात पुढेही आठवडाभर तिथेच होती, ही माझी या ॲपबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. पैसे गेलेच कोणाचे तर 1930 या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करायचा, हे मुलांनाही सांगून ठेवा.

अर्जात "तुला हे काम का बघायचंय" असा चौकोन असतो. लेकीने सुरुवातीला "माझे नेतृत्वगुण विकसित करण्यासाठी" असं काहीतरी कुठून तरी उचलून लिहिलं होतं. चष्म्याच्या दुकानाच्या अर्जात मात्र तिने खरं ते लिहिलं: मला पाचवीपासून चष्मा आहे, काच डोळ्यासमोर बरोबर कशी बसवतात ते बघायचंय. उत्तर त्याच अर्जाला आलं.

22 एप्रिलला, मंगळवारी, मेसेज आला आणि 24 ला आम्ही दोघी भेटायला गेलो. दुकान दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या एका गल्लीत. मालक साठीच्या घरातले, काउंटरवर एक ताई, आत फिटिंगला एक दादा. काकांनी खुर्ची दिली आणि म्हणाले, "ताई, पोरगी दिवसभर काय करणार, हे तुम्हीच मला सांगा. भाच्याने हे ॲपबिप लावून दिलंय, मी कधी असं कोणाला घेतलेलं नाही."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्यांनी मोठमोठी आश्वासनं दिली असती तर मी तिथूनच परत फिरले असते. ॲपमधल्या कराराचा फॉर्म काढून आम्ही तिघं बसलो आणि एकेक रकाना भरत गेलो. या फॉर्मसाठी मी त्या ॲपला बाकीचं बरंच माफ करते. त्यात छापलेलेच प्रश्न असतात: कुठली यंत्रं आहेत, त्यातल्या कुठल्या यंत्राला मुलाने हात लावायचा नाही, देखरेख कोणाची, प्रथमोपचाराची पेटी आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे. हे मी माझ्या तोंडाने विचारलं असतं तर आगाऊ दिसलं असतं. छापील कागदावर असलं की कोणाला राग येत नाही. काकांनी स्वच्छतागृहाच्या प्रश्नावर जरा विचार केला. दुकानात नव्हतं, बिल्डिंगचं सामाईक होतं, मागच्या जिन्याखाली, किल्ली खिळ्याला. काउंटरवरची ताई लगेच म्हणाली, "मी नेईन तिला, कडी नीट लागत नाही त्याची." फॉर्मवर देखरेखीच्या रकान्यात मी तिचंच नाव घालायला सांगितलं.

वेळेवरून थोडी घासाघीस झाली. जागेच्या जाहिरातीत सकाळी 11 ते रात्री 8 असं लिहिलं होतं, दुकानाचीच वेळ ती. मी घरून वाचून गेले होते. बाल व किशोरवयीन कामगारांचा 1986 चा कायदा 2016 मध्ये सुधारला, त्यानुसार 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, घरच्या धंद्यात मदत वगैरे अपवाद सोडले तर. 14 ते 18 च्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळात काम नाही, सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे सहा तास, आठवड्याला एक सुट्टी. लेक काही पगारी कामगार नव्हती, पण माप म्हणून हे हाताशी असावं. काका म्हणाले, "सहा तास तर मीसुद्धा उभा राहत नाही आता." ठरलं ते 11 ते 4, मध्ये जेवणाची तासभर सुट्टी. सोमवारी दुकान बंद. काचा घासायच्या यंत्राला तिने हात लावायचा नाही, हे फॉर्मवर लिहून घेतलं.

पगाराचं काय, हे दोन्ही घरच्या आज्या विचारत होत्या. फॉर्ममध्ये "मानधन नाही" असा पर्याय आधीच निवडलेला असतो, तो बदलताही येतो. मला स्वतःला वाटतं, निदान येण्याजाण्याचा खर्च तरी समोरच्याने द्यावा, आणि ॲपने तो रकाना सक्तीचा करावा. ज्या घरात महिन्याचा पास काढणं जड आहे, तिथलं मूल या सगळ्यातून आपोआप बाहेर पडतं.

29 एप्रिलला सुरुवात झाली. भांडुप ते दादर सेकंड क्लासचं तिकीट 10 रुपये. विद्यार्थी सवलतीचा पास घर ते शाळा-कॉलेज एवढ्याचाच निघतो, अशा कामासाठी नाही, म्हणून साधा महिन्याचा पास काढला. घरापासून स्टेशनपर्यंत बस. काम चालू असतानाच 9 मेपासून बेस्टचं किमान भाडं 5 चं 10 झालं, मग ती सकाळी चालत जायला लागली. पहिल्या दिवशी मी रजा काढून सोबत गेले. पुढे ती एकटी. सव्वादहाच्या सुमाराच्या स्लो लोकलला लेडीज डब्यात उभं राहण्यापुरती जागा मिळते, नऊची गाडी असती तर मी पाठवलंच नसतं. दादरला उतरल्यावर आणि दुकानातून निघताना मेसेज, एवढाच नियम.

पहिले दिवस रडकथेचे होते. तिला ट्रे लावायचं काम दिलं. प्रत्येक ऑर्डरचा एक छोटा ट्रे, त्यात फ्रेम, काचांची पाकिटं आणि नंबराची चिठ्ठी. चिठ्ठी आणि पाकिटावरचा नंबर जुळवायचा, उजवी-डावी तपासायची, रजिस्टरला लिहायचं. संध्याकाळी घरी येऊन, "आई, मी पोस्टमन आहे," म्हणून बसली. शिवाय चष्मा तयार झाल्याचे फोन गिऱ्हाइकांना करायचे होते, आणि अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की तिच्या पोटात गोळा. ताईने तिला एका कागदावर बोलायची वाक्यं लिहून दिली. तो कागद काही दिवस तिच्या हातात असायचा, मग काउंटरवर पडून राहायला लागला.

दुसऱ्या आठवड्यात फिटिंगवाल्या दादाने तिला जवळ बसवलं. चष्मा हातात धरून समोरच्या ट्यूबलाइटकडे बघायचं आणि चष्मा हळूच डावी-उजवीकडे हलवायचा. ट्यूब चष्म्याच्या दिशेनेच सरकली तर मायनस नंबर, उलट्या दिशेने सरकली तर प्लस. यंत्राशिवाय. त्या रात्री घरातले सगळे चष्मे टेबलावर आले, सासऱ्यांचा, माझा, शेजारच्या काकूंचासुद्धा. सासऱ्यांचा बायफोकल तिने वरून आणि खालून वेगवेगळा हलवून दाखवला. मग दोन बुबुळांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये कसं मोजतात, काचेवर मार्करने ठिपका का देतात, प्लास्टिकची दांडी गरम करून कानामागे किती वळवायची, हे सगळं आम्हाला जेवताना ऐकायला मिळालं. दांडी वळवायला तिला शेवटच्या दिवसांत दिली, तीही मोडीत काढलेल्या फ्रेमची. तिच्या बोटाला चटका बसला, छोटासाच. ताईने लगेच मला फोन करून कळवलं आणि फॉर्मच्या नोंदीतही लिहिलं. ओळखीच्या ऑफिसातून असा फोन आला असता का, मला शंका आहे.

13 मे, मंगळवार. दुपारी एक वाजता दहावीचा निकाल. मी म्हटलं होतं, आज जाऊ नकोस. ती गेली. साइट उघडेना, मग ताईने डिजिलॉकर सुचवलं आणि ती काउंटरमागे उभी राहून मोबाइल वरखाली करत बसली. गिऱ्हाईक म्हणून आलेले एक आजोबा निकाल लागल्याशिवाय चष्मा घेऊन जायला तयार होईनात. मार्क आमच्या अपेक्षेएवढे आले, थोडे गणितात कमी. काकांनी कोपऱ्यावरून बटाटेवडे मागवले आणि आजोबांनी स्वतःचा चष्मा तिच्याच हाताने डोळ्यांवर चढवून घेतला.

रोजची नोंद ॲपमध्ये लिहायची असते, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी तो रकाना बंद होतो आणि मग शाळेच्या शिक्षकाला विनंती करून उघडून घ्यावा लागतो. आमच्या सरांच्या पासवर्डची आठवण मनात ताजी होती, त्यामुळे लेक परतीच्या गाडीतच लिहून टाकायची. हजेरीसाठी ॲप रोज लोकेशनसह सेल्फी मागतं. आम्ही ते नाकारलं, ताईने तिच्या बाजूने हजेरी लावली आणि ती चालली.

17 मेला, शनिवारी, शेवटचा दिवस. काकांनी पाकीट दिलं, त्यात 1,000 रुपये होते, आणि नंबर नसलेल्या काचा बसवलेली एक फ्रेम, सरावाला. प्रमाणपत्र ॲपवर आलं त्यात आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. दुरुस्तीसाठी दुकानाने पुन्हा सही करायची, शाळेने पुन्हा मंजूर करायचं, म्हणजे पुन्हा सर. ते 2 जूनला हातात आलं. तुम्ही खातं उघडतानाच नाव आधारवर जसं आहे तसंच टाका आणि दुकानाने प्रमाणपत्र पाठवण्याआधी मसुदा बघून घ्या. अकरावीच्या प्रवेशात या प्रमाणपत्राला काही गुण नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण फोनवर सगळे पहिलं तेच विचारतात.

मुलामुलींना पाठवणार असाल तर 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये घालून द्या आणि काहीही खटकलं तर दुसऱ्या दिवशी जायचं नाही, कारण सांगायची गरज नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. जागा बघायला मात्र स्वतः जा. ॲपवरचे फोटो आमच्या बाबतीत दुकान रंगवायच्या आधीचे होते.

आता लेक अकरावीला आहे, विज्ञान शाखा, पुढे ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं शिक्षण, करायचं की नाही यावर तिचं मत दर आठवड्याला बदलतं. तिचं ॲपवरचं खातं आम्ही जूनमध्ये बंद केलं. बंद करायचं बटण सेटिंग्जमध्ये अगदी तळाला आहे. ते दाबण्याआधी रोजच्या नोंदी आणि प्रमाणपत्र उतरवून ठेवा, नंतर मिळत नाहीत.